खोताला पगारी गडी का लागला नाही

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये एखादा जमीनदार किती मोठा, हे त्याच्या पगारपत्रकावरून कळत असे. घरात बटलर, स्वयंपाकीण आणि मोलकरणी, तबेल्यात कोचमन, बागेत माळी, आणि रानात गेमकीपर. हा गेमकीपर मालकाच्या बंदुकीसाठी फेझंट पक्षी वाढवायचा आणि रात्री चोरट्या शिकाऱ्यांवर पाळत ठेवायचा. प्रत्येकाची वर्षाची रक्कम, कपडे आणि राहण्याची सोय ठरलेली असे. १८९१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये घरकामाला असलेल्या बायकांचाच आकडा तेरा लाखांच्या वर भरला. त्याच काळात सावित्री आणि गांधारीच्या खोऱ्यांत, महाडपासून पोलादपूरपर्यंत आणि वर वरंध्याच्या घाटापर्यंत, गावेच्या गावे ताब्यात असलेले खोत होते. त्यांच्याही शेतावर माणसे राबत होती, घरी लाकूडफाटा येत होता, मेणा उचलला जात होता, रानडुकरामागे हाका घातला जात होता. पगारपत्रक मात्र नव्हते. कोकण गरीब होते आणि खोत चिक्कू होता, हे याचे नेहमी दिले जाणारे उत्तर मला अपुरे वाटते. खोताला नोकर ठेवण्याची गरज पडली नाही, कारण त्याच्या व्यवस्थेत चाकरी हा जमिनीच्या खंडाचाच एक भाग होता. जो जमीन कसतो तो भाताचा वाटा देतो आणि त्यासोबत अंगमेहनतही देतो, असा तो हिशेब होता. हे ध्यानात घेतले की इथल्या रानात शिकार राखणारा माणूस का निर्माण झाला नाही आणि ही चाकरी शेवटी मजुरीच्या कायद्याने न मोडता कूळकायद्याने का मोडली, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात.

खोत मुळात सरकार आणि रयत यांच्यामधला माणूस. गावाचा सारा सरकारात भरण्याची हमी त्याने घ्यायची आणि त्या बदल्यात गावातल्या कुळांकडून वसूल करायचे. हे काम वंशपरंपरेने त्याच्या घरात राहिले आणि हळूहळू त्याची वागणूक मालकाची झाली. खोतांत ब्राह्मण होते, कायस्थ प्रभू होते, मराठे होते, मुसलमानही होते. कुळे बहुतेक कुणबी, मराठा, महार आणि डोंगराच्या अंगाने धनगर, कातकरी. भाताचे निम्मे पीक खोताला गेले की ते अर्धेल, आणि नाचणी-वरीसारख्या वरकस पिकाचा तिसरा हिस्सा गेला की ते तिरधेल. पीक उभे असतानाच खोत किंवा त्याचा माणूस खाचरांतून फिरून अंदाज बांधायचा. या अभावणीत जो आकडा धरला जाई तो कुळाच्या डोक्यावर बसे, मग मळणीत भात कितीही उतरो. त्यातच एका गावाच्या खोतीत अनेक भाऊबंद वाटेकरी असत आणि गावाचा कारभार पाळीपाळीने त्यांच्याकडे येई. ज्याची पाळी त्याने आपल्या वर्षात जेवढे निघेल तेवढे काढून घ्यायचे, ही प्रवृत्ती मग ओघानेच आली. खोतीच्या क्रौर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्यातल्या या आखूड नजरेविषयी फारसे लिहिले गेलेले नाही, आणि पुढच्या विवेचनाला तीच जास्त महत्त्वाची आहे.

या वसुलीच्या पोटातच वेठ होती. आठ दिवसांतला एक दिवस कुळाने खोताच्या शेतावर द्यायचा, नांगर आणि बैल असतील तर तेही घेऊन यायचे, घर शाकारायचे, जळण आणायचे, बाहेरगावी जायचे झाले तर मेणा किंवा डोली वाहायची. खोतीच्या प्रदेशात ही मागणी रिवाज म्हणूनच चालत असे. हा रिवाज इंग्रजांनी आणलेला नव्हता. पेशवाईतल्या सनदांमध्ये एखाद्याला इनाम देताना वेठबेगार माफ केल्याचे उल्लेख येतात, आणि जी गोष्ट माफ करावी लागते ती एरवी चालू असणार हे उघड आहे. घरातल्या कामाचा इतिहास तर आणखी अंधारा. पेशवाईतल्या मोठ्या घरांत कुणबिणी असत, म्हणजे विकत घेतलेल्या किंवा शिक्षा म्हणून गुलामीत टाकलेल्या बायका. दळण, कांडण, सारवण, पाणी ही कामे त्यांच्यावर पडत. १८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनी सरकारने गुलामगिरीला न्यायालयात मिळणारी मान्यता काढून घेतली. पण कायद्याने फक्त मालकी नाकारली. त्या कामाची किंमत पैशात द्यावी असे तो म्हणाला नाही. मग कुणबिणीचे काम कुळाच्या घरच्या बाईकडे गेले. तिला भात कांडायला, सणावारी सारवायला, लग्नकार्यात राबायला बोलावणे यायचे आणि संध्याकाळी पदरात उरलेले अन्न पडायचे. कुळाने दिलेला आठवा दिवस निदान मोजता तरी येत होता, बाईचे दिवस कुणीच मोजत नव्हते.

आता रानाकडे वळू, कारण इंग्लंडशी तुलना केल्यावर खरा फरक तिथे दिसतो. इंग्लंडमध्ये शिकारीचे पाखरू आणि ससा यांची राखण हा जमीनदारीचा मानबिंदू होता. १८२८ चा रात्रीच्या चोरट्या शिकारीविरुद्धचा कायदा, १८३१ चा शिकार कायदा, १८६२ चा चोरटी शिकार रोखण्याचा कायदा, अशी त्यासाठी कायद्यांची रांग उभी केली गेली. फेझंट वाढावेत म्हणून गेमकीपर ससाणे, छोटे मांसाहारी प्राणी, घुबडे मारत असे. सशांनी शेजारच्या कुळाचे पीक खाल्ले तरी मालकाला फरक पडत नव्हता, कारण खंड रोख आणि ठरलेला होता, नुकसान सगळे कुळाचे. या अन्यायावर इतका असंतोष माजला की १८८० मध्ये पार्लमेंटला ससे मारण्याचा हक्क कुळांना द्यावा लागला. योगायोग असा की १८८० मध्येच इकडे मुंबई सरकारने मुख्यतः रत्नागिरी जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून खोती कायदा केला. दोन्हीकडे जमीनदार आणि कूळ यांच्यातले भांडण कायद्यापर्यंत पोचले होते, पण भांडणाचा विषय वेगळा होता. खोत पिकाचा वाटा घेत होता. अभावणी होण्याआधी रानडुकरांचा कळप रात्री खाचरात शिरला आणि चार मण भात तुडवून गेला, तर त्यातले दोन मण खोताच्या कणगीतले गेले. डुक्कर, सांबर, भेकर, साळिंदर यांना सांभाळून ठेवण्यात खोताचे नुकसानच होते. जनावर मेले तर फायदा दोघांचा. पाळीपाळीने कारभार पाहणाऱ्या भाऊबंदांपैकी कुणी दहा वर्षांनी होणाऱ्या शिकारीसाठी आज रान राखील, हेही शक्य नव्हते. महाडच्या डोंगरांत शिकार राखणारा पगारी माणूस आढळत नाही याचे कारण लोकांच्या स्वभावात शोधायला नको, ते वसुलीच्या रीतीत सापडते.

राखण होती ती पिकाची. भात पोटरीला आले की शेताच्या कडेला माळा बांधायचा, रात्रभर शेकोटी पेटती ठेवायची, डबा बडवायचा, हाळ्या द्यायच्या. हे काम कुळाच्या घरातली म्हातारी माणसे आणि पोरे करत. कुठे कुठे कातकऱ्याला राखणीवर ठेवत आणि त्याला धान्य देत. शिकारीसाठी मात्र गावच उठे. ठासणीची बंदूक एक किंवा दोन, तीही बहुधा खोताकडे किंवा पाटलाकडे, कारण १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नव्हती. बाकीचे हाकेकरी. एका बाजूने ढोल, डबे, आरडाओरडा करीत रान झोडत यायचे आणि नाक्यावर बसलेल्या बंदूकवाल्याच्या तोंडी जनावर घालायचे. गोळी चुकली की बिथरलेला डुक्कर प्रथम हाकेकऱ्यावर येई, आणि त्याच्या हातात काठी किंवा कोयती असे. शिकार पडली की वाटे होत. ज्याचा बार लागला त्याचा वाटा वेगळा, बाकीच्यांचा सारखा.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ही तर गावकीची पारध झाली, त्यात सगळ्यांचा आनंद होता आणि मटणाचा वाटाही होता. मग तिला वेठ का म्हणायचे? डुकराच्या शिकारीपुरते हे म्हणणे मला मान्य आहे. ज्या हाक्याने आपले पीक वाचते त्या हाक्याला माणूस आपण होऊन जातो, तिथे जुलूम शोधण्याचे कारण नाही. पण हाका फक्त भात पिकल्यावर होत नसे. खोताकडे पाहुणे आले, मामलेदार आले, तालुक्यात साहेबाचा तळ पडला की हाका घालायचा तो त्यांच्या सोयीने. तेव्हा कुळाची पेरणी असो की लावणी, बोलावणे आले की जावे लागे, आणि वाघ-बिबट्याच्या हाक्यात मटणाचा वाटाही नसे. तीच माणसे, तेच रान, तोच ढोल. बोलावणारा कोण आणि नाही म्हणता येते की नाही, एवढ्यावरून पारध आणि वेठ वेगळी होते.

साहेबांचा विषय निघाला आहे तर महाडच्या जागेकडे पाहिले पाहिजे. १८२८ च्या सुमारास सर जॉन माल्कम याने महाबळेश्वर हे थंड हवेचे ठिकाण म्हणून उभे करायला घेतले. मुंबईहून तिथे जाण्याच्या जुन्या वाटांपैकी एक समुद्राने बाणकोटला, तिथून सावित्रीच्या खाडीने महाडकडे आणि मग पोलादपूरवरून पारघाट चढून वर, अशी होती. पुढे गव्हर्नर फिट्झजेराल्डच्या नावाचा घाटरस्ता झाला, तोच आजचा आंबेनळी घाट. म्हणजे मुंबई इलाख्याचे अर्धे सरकार आपल्या ट्रंका, तंबू, मडमा आणि बाळांसह या खोऱ्यातून वर जात होते आणि पावसाळ्याच्या तोंडाशी खाली उतरत होते. साहेबाचे स्वतःचे नोकर पगारी होते. एडवर्ड एटकन हा मुंबई इलाख्यातल्या मीठ आणि जकात खात्यातला अधिकारी आणि निसर्गाचा जाणकार. त्याने १८८९ साली ‘बिहाइंड द बंगलो’ या पुस्तकात बटलर, हमाल, धोबी, माळी अशा नोकरांची खेळकर चित्रे काढली. पुस्तक मजेदार आहे, आणि त्यातल्या थट्टेमागचा तोरा आज खुपतोही. पण त्यात रंगवलेला प्रत्येक जण महिन्याचा पगार मागू शकणारा माणूस आहे. बंगल्याच्या कंपाउंडबाहेर पडले की चित्र बदलते. तळ हलवायचा तर ओझी एका गावच्या शिवेपासून दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत पोचवायची, वाटाड्या द्यायचा, गवत-लाकूड पुरवायचे, आणि ही कामे गावातल्या महारांवर आणि कुणब्यांवर पडत. खोताने वापरलेली सवय सरकारनेही वापरली. इंग्रजी राज्याने वेठ निर्माण केली नाही, पण तिच्या पालखीत बसायला त्याला संकोच वाटला नाही.

सरकारने एक काम मात्र नव्याने केले. शिकार राखणारा माणूस खोताने निर्माण केला नव्हता, तो सरकारने केला, आणि त्याचे नाव फॉरेस्ट गार्ड. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव जंगल ही वस्तू तयार झाली. त्यात लाकूड तोडणे, गुरे चारणे, आग लावणे यांबरोबरच नियम मोडून शिकार करणे आणि फासे लावणे हेही गुन्हे ठरले. इंग्लंडमधल्या गेमकीपरचे पहिले कर्तव्य गरिबाचा फासा पकडण्याचे होते, आणि गार्डलाही तोच अधिकार मिळाला. कुलाबा (आजचा रायगड) आणि ठाणे जिल्ह्यांत यावरून एवढी ओरड झाली की १८८५ मध्ये सरकारला जंगल आयोग नेमावा लागला. भाताच्या रोपासाठी राब भाजायला लागणारा पाला आणि फांद्या कुठून आणायच्या, हा शेतकऱ्याचा मुख्य प्रश्न होता. कातकऱ्याचे नुकसान त्याहून खोल होते. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा त्याचा धंदा, रानातले लहान जनावर आणि नदीतला मासा हे त्याचे अन्न, डोंगरउतारावरची दळी ही त्याची शेती. खैर सरकारी झाला, शिकार गुन्हा झाली, दळीला परवानगी लागू लागली. पावसाळ्यात चूल पेटवायला त्याला खोताच्या किंवा सावकाराच्या दारी खावटी मागायला जावे लागे आणि ती धान्याने, वाढीव मापाने किंवा अंगाच्या कष्टाने फेडावी लागे. ज्याला रानातले सगळे कळते असा एकमेव समाज रानाचा राखणदार होण्याऐवजी रानातला गुन्हेगार झाला. आणि हे सरकार त्याच वेळी वाघ-बिबट्या मारणाऱ्याला बक्षीस देत होते. गार्ड रान राखत होता तो लाकडासाठी, पशुपक्ष्यांसाठी नव्हे.

रायगड जिल्ह्यात शिकार राखण्याची खरी परंपरा शोधायची तर ती महाडच्या बाहेर, किनाऱ्यावर सापडते. जंजिरा संस्थानच्या नवाबाने मुरुड-रोह्याच्या मधले फणसाडचे रान आपल्या शिकारीसाठी राखून ठेवले होते आणि १९८६ मध्ये तेच अभयारण्य झाले. तिकडे घाटावर कोल्हापूरच्या संस्थानात शिकारखाना हे स्वतंत्र खातेच होते. त्यात चित्ते पाळणारे चित्तेवान होते, शिकारी होते, आणि शाहू महाराजांनी फासेपारध्यांनाही नोकरीत घेतले. नवाब आणि महाराज यांना शिकार राखता आली कारण रान पूर्णपणे त्यांचे होते आणि त्यांच्या खजिन्यात रोख पैसा येत होता. खोताकडे दोन्ही नव्हते. म्हणून शिकार राखणे ही श्रीमंतांची हौस असते, या सरसकट विधानात मला एक दुरुस्ती करावीशी वाटते. ती रोख उत्पन्नाच्या श्रीमंतांची हौस असते. धान्यात वाटा घेणाऱ्याला ती परवडत नाही.

दुसरा आक्षेप खोतांच्या वंशजांकडून नेहमी येतो. बहुतेक खोत लहान होते, चार-सहा वाटेकऱ्यांत विभागलेल्या खोतीत कुणाच्या वाट्याला काही मोठे येत नव्हते. त्यांच्या घरच्या बायकाही चुलीशी आणि गोठ्यात राबत होत्या. मग त्यांना इंग्लंडच्या लॉर्डांच्या पंक्तीला का बसवता? वस्तुस्थिती म्हणून हे खरे आहे. पण त्याचा निष्कर्ष उलटा निघतो. ज्याच्याकडे रोकड आहे तो मजूर लावू शकतो आणि काम आवडले नाही तर काढून टाकू शकतो. ज्याच्याकडे रोकड नाही पण कुळावर हक्क आहे, तो वेठीला चिकटून राहतो, कारण तेवढाच श्रम त्याला मिळू शकतो. लहान खोताला वेठ सोडणे मोठ्या खोतापेक्षा जड गेले असणार. गरीब खोत हा वेठीविरुद्धचा पुरावा ठरत नाही, वेठ का टिकली याचे ते एक कारण आहे.

तिसरा आक्षेप इंग्लंडच्या बाजूने. तिथला नोकर तरी कुठे मोकळा होता? १८७५ पर्यंत करार मोडून काम सोडणाऱ्या कामगाराला तुरुंगात टाकता येत होते. मोलकरणीला पुढची नोकरी मिळणे मालकिणीने दिलेल्या शिफारसपत्रावर अवलंबून होते. गेमकीपरचे घर मालकाचे असे, नोकरी गेली की छप्परही गेले. हे सगळे मान्य केलेच पाहिजे, आणि घरठाणाच्या बाबतीत तर तो गेमकीपर आणि पोलादपूरच्या डोंगरातले बेदखल होणारे कूळ एकाच जागी उभे होते. पण १८७५ नंतर नोकराचा मालकाशी वाद दिवाणी झाला. महिनाभराची सूचना देऊन मोलकरीण दुसऱ्या घरी जाऊ शकली, राहिलेला पगार मागू शकली, गिरणीत जाऊ शकली. तिने नोकरी सोडली म्हणून तिच्या बापाची शेती जात नव्हती. इकडे वेठीला नाही म्हणणाऱ्याचे उत्तर शेतातून मिळत होते. जमीन दुसऱ्या कुळाकडे, आंब्याफणसावरचा हक्क गेला, पुढच्या पावसात खावटी बंद. चाकरी आणि जमीन एकाच गाठीत बांधलेल्या असल्यामुळे एक सोडली की दुसरी सुटत होती.

ही गाठ किती घट्ट होती याचा सर्वांत स्पष्ट पुरावा १९२७ चा आहे. महाडचा इतिहास सांगताना आपण चवदार तळ्याच्या पाण्याविषयी बोलतो, ते बरोबरच आहे. पण १९ आणि २० मार्चला भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे ठराव पाण्यापुरते नव्हते. स्पृश्य हिंदूंनी आपली मेलेली जनावरे आपणच पुरावीत आणि अस्पृश्यांना नोकरीत घ्यावे, अशा दोन मागण्या त्यात शेजारीशेजारी होत्या. पहिलीत परंपरेचे बिनमोल काम नाकारले आहे आणि दुसरीत मोलाचे काम मागितले आहे. काम नाकारणाऱ्यांवर आळसाचा आरोप करणाऱ्यांनी हे ठराव नीट वाचावेत. परिषदेनंतर गावोगाव जे घडले तेही बोलके आहे. ज्यांनी मेलेली ढोरे ओढायचे सोडले त्यांच्यावर बहिष्कार पडला, कसायला असलेली जमीन काढून घेण्यापर्यंत मजल गेली. नुसती नोकरी सोडली असती तर फार तर पगार बुडाला असता. इथे जगण्याची सोयच काढून घेता आली, कारण कामाचा मोबदला पैशात कधी ठरलेलाच नव्हता.

नाही म्हणण्याचे बळ कुठून आले, हेही सांगितले पाहिजे. ते गावातून आले नाही. महाड-दापोलीच्या पट्ट्यातल्या महारांच्या दोन-तीन पिढ्यांनी मुंबई लष्करात नोकरी केली होती. रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले. १८९० नंतरच्या वर्षांत महारांची लष्करभरती थांबली तेव्हा त्या निर्णयाविरुद्ध अर्ज लिहिण्यातही ते पुढे होते. दरमहा पगार, पेन्शन आणि लेखी हुकूम या गोष्टी एकदा पाहिलेल्या माणसाला खोताच्या दारातला तोंडी हुकूम वेगळा दिसणारच. दुसरी वाट मुंबईची. दासगाव बंदरातून बोटीने गेलेला कुणबी गिरणीत, गोदीत, नाहीतर कुणाच्या घरी रामागडी म्हणून लागला. भांडी घासणे, केर काढणे, पाणी भरणे हीच ती कामे, पण आता त्यांचे पैसे मिळत होते आणि त्यातले काही मनिऑर्डरीने गावी येत होते. खोताच्या वाड्याला पहिला धक्का त्या मनिऑर्डरीने दिला असे मी म्हणेन. पुढच्या चळवळीला लागणारी माणसेही तिनेच पोसली. महाड परिषदेच्या उभारणीत पुढे असलेले रामचंद्र बाबाजी मोरे मुंबई आणि महाड या दोन्ही ठिकाणी वावरणारे होते.

पुढचा झगडा कायदेमंडळात गेला. अलिबाग तालुक्यात चरी गावाभोवतीच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांची जमीन कसली नाही. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्यात खोतांना वाजवी भरपाई आणि कुळांना सरकारशी थेट नाते, अशी मांडणी होती. महाडच्या नगरपालिकेचे माजी अध्यक्ष सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस तेव्हा कुलाब्यातून स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार होते, आणि ते कायस्थ प्रभू समाजातले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या वीसएक हजार शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. विधेयक मात्र मंजुरीपर्यंत पोचलेच नाही. तिकडे उंबरगाव-डहाणूकडे लग्नाच्या कर्जापायी राबणाऱ्या लग्नगड्यांची आणि वेठीची पद्धत १९४५ च्या वारली लढ्याने मोडली. त्याचे एक नेते शामराव परुळेकर १९३७ मध्ये टिपणिसांच्याच पक्षाकडून निवडून आले होते.

माझ्या मुद्द्याला सर्वांत भक्कम आधार १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट कायद्यात आहे. त्याचे अकरावे कलम सांगते की कायदेशीर खंडाखेरीज जमीनमालकाने कुळाकडून कोणताही कर, हक्क किंवा कोणत्याही प्रकारची सेवा घेणे बेकायदा आहे. चाकरीचा उल्लेख मजुरीच्या कायद्यात आला असता, तर कायद्याने तिला काम मानले आणि किमान दर ठरवला असता. तो खंडाच्या कायद्यात, बेकायदा पट्ट्यांच्या रांगेत आला. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांनाही ती जमिनीवरची जादा आकारणी आहे हे ठाऊक होते. १९५० च्या जानेवारीत संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने बेगारीला मनाई केली आणि त्याच वर्षी खोती नष्ट करणारा कायदा अंमलात आला. महारकीची वतने जायला मात्र १९५८ चा कायदा यावा लागला. कातकऱ्यापर्यंत यातले फार थोडे पोचले, कारण तो कागदावर कुणाचे कूळ नव्हता. खावटीच्या जागी वीटभट्टीच्या मुकादमाची उचल आली. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा अशाच लोकांसाठी होता, आणि त्याची गरज अजून संपलेली नाही.

या सगळ्याचा इतिहास अजून गॅझेटियर, कायदे आणि चळवळींच्या वृत्तांतांवरूनच लिहावा लागतो. खोतांच्या घरचे कागद, म्हणजे अभावणीच्या याद्या, खावटीच्या वह्या, कुळवार हिशेब, महाड-पोलादपूरच्या जुन्या घरांत माळ्यांवर पडून आहेत. कोणत्या कुळाने किती दिवस दिले, कुणाकडून काय वसूल झाले, हे त्या पानांवर असेल तरच कळेल. जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले तेव्हा अशा किती वह्यांचा लगदा झाला असेल याची मोजदाद नाही. ज्यांच्या घरी त्या अजून शाबूत आहेत त्यांनी पूर्वजांच्या अब्रूची काळजी थोडी बाजूला ठेवून त्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा पुराभिलेखागारात नेऊन द्याव्यात. निदान पानापानांचे फोटो काढून ठेवावेत, आणि ते येत्या पावसाळ्याआधी.